चाकाचा घेर

भिंगरीला पंधरा वर्षांत कुणी सल्ला म्हणून विचारला नव्हता. "दप्तर भरलंस का?", "हे कसले मार्क?", "मोबाईल ठेवतेस की काढून घेऊ?" असं विचारणाऱ्यांची घरात रांग होती, पण "आता पुढे काय करायचं, तूच सांग," असं विचारणारं अख्ख्या जगात एकच माणूस निघालं. तिची मावशी. आणि तेसुद्धा कशाबद्दल, तर मॅरेथॉनबद्दल!

मावशी म्हणजे भिंगरीच्या आईची धाकटी बहीण. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, घोरणं जोरदार. हे शेवटचं भिंगरीला चांगलंच ठाऊक होतं, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोघींची खोली एकच होती. मावशी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मेणात एकेक दात रोवायचा, साच्यातून निघालेली कवळी चाकावर धरून गुळगुळीत करायची. तिच्या नखांत कायम प्लास्टर असायचं. "अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला ना," ती म्हणायची, "तर कुणा आजोबांचा घास महिनाभर तोंडातच फिरत राहतो."

गेल्या वर्षी ही बाई कुणालाही न सांगता मॅरेथॉनला उभी राहिली आणि अठ्ठाविसाव्या किलोमीटरवरून बसमध्ये बसून परत आली. त्या स्पर्धेचा नियम साधा होता. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर, सगळं सहा तासांच्या आत. मागे पडणाऱ्यांना गोळा करत एक बस शेवटून येते आणि ज्यांचं गणित चुकलं त्यांना उचलते. लॅबमधला साचे ओतणारा माणूस, ज्याला सगळे साचेवालाच म्हणायचे, त्याने दुसऱ्या दिवसापासून मावशीला "पासवाल्या बाई", म्हणजे बसचा पास काढलेल्या, असं म्हणायला सुरुवात केली. मावशीने ते हसण्यावारी नेलं. पण भिंगरीने एकदा पाहिलं होतं. मावशी मोबाईलवर गेल्या वर्षीच्या निकालाची यादी उघडून बसली होती, आणि बोट शेवटच्या नावाच्या खाली, मोकळ्या पांढऱ्या जागेवर ठेवलं होतं.

"यंदा त्या यादीत यायचं," मावशी म्हणाली. "सगळ्यात शेवटी आलं तरी चालेल. पण सहा तासांत."

झालं! भिंगरीने विडाच उचलला. इंटरनेट पालथं घालून तिने वीस आठवड्यांचं वेळापत्रक बनवलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. रविवारी लांब पल्ला, तो दर आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी, म्हणजे पायांना श्वास घ्यायला जागा. शेवटचे दोन आठवडे उतरते, दमायचं नाही, वाचवायचं. स्वतःच्या सायकलवर तिने एक इवलंसं मीटर बसवलं. चाकाचे फेरे मोजून ते किलोमीटर दाखवायचं. मग रविवारी पहाट फुटली की मावशी पुढे आणि भिंगरी सायकलवरून शेजारी, हँडलला पाण्याच्या दोन बाटल्या, खिशात केळी, गळ्यात शिट्टी.

"अकरा! खांदे खाली घे! खांदे कानाला लागलेत तुझे!"

"कान माझे, खांदे माझे..." मावशी धापा टाकत म्हणायची.

"बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे. चल!"

मावशी तिला "कोचबाई" म्हणायला लागली. बघता बघता आईसुद्धा विचारायला लागली, की कोचबाई, रात्री तुझ्या पैलवानाला भात चालेल की भाकरी? आणि याचा परिणाम असा झाला, की शाळेत ज्या भिंगरीला हात वर करायला धाप लागायची, ती वर्गासमोर उभी राहून "दमसास कसा वाढतो" यावर दहा मिनिटं बोलली. खाली बसतानाही बोलतच होती. पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ना, तसं.

मग आला बत्तीस किलोमीटरचा रविवार. सगळ्यात लांब, स्पर्धेआधीचा शेवटचा. मीटरवर ३२ उमटले तेव्हा मावशी कालव्याच्या कठड्याला धरून वाकली, आणि वर बघितलं तेव्हा रडत होती. चार तास एकवीस मिनिटं. भिंगरीने तिथल्या तिथे गणित मांडलं. याच वेगाने सगळं अंतर पाच तास चव्वेचाळीस मिनिटांत! सोळा मिनिटं हातात!

"कोचबाई," मावशी नाक पुसत म्हणाली, "तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं."

भिंगरी त्या रात्री आनंदाच्या भरात उशीला मिठी मारून झोपली.

मंगळवारी शाळेच्या मैदानावर पी.टी.च्या बाईंनी धावपट्टी नव्याने आखून घेतली होती. एक फेरी चारशे मीटर. शाळा सुटल्यावर भिंगरी सहज, निव्वळ मिजाशीत, सायकल घेऊन पट्टीवर गेली. दहा फेऱ्या मारल्या. चार किलोमीटर व्हायला हवे होते. मीटरवर होते ४.४४.

"बाई, तुमची पट्टी चुकलीय," ती ऐटीत म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "टेपने मोजलीय ती. दोनदा. तुझी सायकल काय टेप आहे का?"

भिंगरीने पुन्हा दहा फेऱ्या मारल्या. पुन्हा ४.४४. घरी येऊन तिने आईच्या शिवणाच्या पेटीतली टेप काढली आणि पुढच्या चाकाभोवती गुंडाळली. एकशे एकोणनव्वद सेंटिमीटर. मग मीटरचं बटण दाबून धरलं. आत आकडा होता दोनशे दहा.

तेव्हा तिला आठवलं. मीटर बसवताना त्याने चाकाचा घेर विचारला होता. आत आधीपासून एक आकडा भरलेला होता, मोठ्या माणसांच्या सायकलचा. सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की आपलं चाक मोजा. पण भिंगरीला कागद वाचायची काय गरज? तिने अंगठ्याने 'ठीक' दाबलं होतं आणि शीळ घालत खाली गेली होती.

तिची सायकल लहान. चाक लहान. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला मीटर उगाच वीस-एकवीस सेंटिमीटर जास्त मोजत होतं. चार महिने! बत्तीस म्हणजे खरे अठ्ठावीस पूर्णांक आठ. आणि त्याच घामाने, त्याच दमाने सगळं अंतर पळायला लागणार होते सहा तास बावीस मिनिटं.

ती जमिनीवरच बसली. टेप तिच्या मांडीवर गुंडाळी होऊन पडली होती. बाहेर आई कुकर लावत होती आणि गुणगुणत होती, आणि भिंगरीला वाटलं, आता ओरडून सांगावं. तोंड उघडलं. आणि मिटलं. कारण तिला 'कोचबाई' ही हाक ऐकू आली, मनातल्या मनात, आणि त्यामागून एकदम जुनी हाक: 'हे कसले मार्क?'

मग तिने जे केलं ते मूर्खपणाचं होतं, पण त्या क्षणी फार हुशारीचं वाटलं. तिने गुपचूप आत खरा आकडा भरला. आजपासून मीटर खरं बोलेल, झालं तर! कुणाला काही कळायची गरजच काय?

बुधवारी बारा किलोमीटर हलके पळायचे होते. नेहमीच्या कालव्याच्या रस्त्याने गेलं असतं तर वळायची जागा पुढे सरकलेली मावशीला दिसली असती. म्हणून भिंगरी म्हणाली, "आज कारखान्यांच्या बाजूने जाऊ, तिकडे सावली असते." तिकडे सावली नव्हती. मावशी पळत राहिली, आणि बारा काही केल्या येईनात.

"नऊ?" ती मध्येच थांबून म्हणाली. "अजून नऊच?"

"ऊन आहे ना आज," भिंगरी म्हणाली.

नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागली. घरी आल्यावर मावशी बूट न काढता खुर्चीत बसून राहिली. आईने चहा ठेवला, तो निवला. "ताई, मला बरं नाही वाटत," ती आईला म्हणाली. "म्हणजे दुखत काही नाही. पण आतलं काहीतरी संपल्यासारखं झालंय."

भिंगरी समोरच उभी होती. मोजे वाळत घालायचं निमित्त करून ती गॅलरीत गेली.

गुरुवारी पहाटे तिला जाग आली तर शेजारची गादी रिकामी. शुक्रवारीही तेच. उतरत्या आठवड्यात पायांना विश्रांती द्यायची, हे वेळापत्रकात लाल अक्षरांत लिहिलेलं, आणि मावशी लपून एकटीच जोरात पळून येत होती, गेलेला वेग शोधत. शुक्रवारी संध्याकाळी ती जिन्यावर कठडा धरून, एकेक पायरी चढत वर आली. पोटरी टम्म सुजली होती. "कुठे आपटलीस?" आईने विचारलं. "लॅबमध्ये स्टूल लागलं," मावशी म्हणाली. भिंगरीला कळलं की आता या घरात दोघी खोटं बोलतायत, आणि दुसरी पहिलीमुळे.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. मावशी डबा विसरली म्हणून आईने भिंगरीला लॅबमध्ये पिटाळलं.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले, मेण वितळवायची निळी ज्योत, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. मावशीने सुजलेला पाय खोक्यावर ठेवला होता. साचेवाला हातात एक कवळी घेऊन उभा होता.

"पासवाल्या बाई, हे बघा. उजवीकडे दाढ चढलीय. या माणसाला हसताना डोळा मारल्यासारखं होईल."

"ठेव. परत करते."

"तिसरी आहे या आठवड्यातली. बरंय ना सगळं?" साचेवाल्याचा आवाज उतरला. त्याला चेष्टा जमायची, काळजी जमायची नाही.

"सोमवारी रक्त तपासून घेतेय," मावशी म्हणाली. मग तिला भिंगरी दिसली. "आलीस? बरं झालं. तुलाच सांगायचं होतं. मी नाव मागे घेतेय. मेल लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचाय." तिने मोबाईल उचलला. "रागावू नकोस हं, कोचबाई. तू सगळं नीट केलंस. माझंच शरीर ऐन वेळी दगा देतंय. वय झालं, आणखी काय."

तिचा अंगठा खरोखरच पडद्यावर होता.

"मावशी, तुला काही झालेलं नाही!" भिंगरी इतक्या मोठ्याने म्हणाली की फळीवरच्या जबड्यांनीही ऐकलं असावं. "मीटर चुकलं होतं. म्हणजे मी. मी चुकले. चाकाचा घेर मी मोजलाच नाही, आत दुसऱ्याच सायकलचा आकडा होता. मंगळवारी कळलं मला. मी तो बदलला आणि... तुला सांगितलं नाही."

मावशीने ज्योत बंद केली.

"किती?"

"दहा टक्के."

"म्हणजे बत्तीस?"

"अठ्ठावीस पूर्णांक आठ."

"म्हणजे गेल्या वर्षी बसने उचललं," मावशी हळूहळू म्हणाली, "तिथवरच."

साचेवाल्याने घसा खाकरला. "बघा, म्हणजे निदान बसची जागा तरी पक्की..."

"तू जरा चहा घेऊन ये."

"मला नकोय चहा."

"मला हवाय."

तो गेला. मावशीने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. गालांवर प्लास्टरचे पांढरे पट्टे उमटले. "म्हणजे मी आजारी नाहीये," ती म्हणाली, आणि क्षणभर तिचा चेहरा मोकळा झाला, अगदी लहान मुलीसारखा. भिंगरीचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तो चेहरा मिटला.

"बुधवारपासून आज शनिवार. चार दिवस मला वाटत होतं मला काहीतरी मोठं झालंय. मी आंघोळीला गेले की अंगावर गाठी चाचपत होते. तुला दिसत होतं ना मी कशी आहे ते?"

"दिसत होतं."

"आणि?"

"आणि मी मोजे वाळत घालायला गेले."

ओरडली असती तर बरं झालं असतं, भिंगरीला वाटलं. दोन धपाटे घातले असते तर फारच बरं. पण मावशी नुसती त्या चुकलेल्या कवळीकडे बघत राहिली.

"आकडा चुकला त्याचं मला काही नाही," ती शेवटी म्हणाली. "आकडे चुकतात. पण मी संपले असं तू मला वाटू दिलंस."

भिंगरीला रडू फुटलं. सिनेमातल्यासारखं सुरेख नाही, नाक वाहणारं. मावशीने तिला जवळ घेतलं नाही. एक कापसाचा बोळा पुढे सरकवला, आणि पाटीवरची धूळ पुसून त्यावर पेन्सिलीने भागाकार मांडला. दोनदा केला. दोन्हीदा सहा तास बावीस.

"इथे काय नियम आहे माहितीये?" मावशी पेन्सिल न थांबवता म्हणाली. "एकाने मोजलेलं दुसऱ्याने मोजल्याशिवाय काही बाहेर जात नाही. चिठ्ठीवर दोन सह्या लागतात. वीस वर्षं मी ही दुसरी सही करतेय. आणि तुझ्या मीटरला मी एकदाही हात लावला नाही. शंका आली होती मला. दुसऱ्याच महिन्यात आली होती. एवढी सुधारणा होते का कुठे? पण विचारलं नाही. कारण आकडा गोड होता."

भिंगरीने कापसाच्या बोळ्याने नाक पुसलं.

"आता कोच म्हणून सांग. सहा तासांत होईल?"

हा प्रश्न जगातला सगळ्यात वाईट प्रश्न होता. "प्रयत्न केलास तर" हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते.

"नाही," ती म्हणाली. "नाही होणार."

"मग पळू की नको?"

"पळ."

"का?"

भिंगरीने खूप विचार केला. "कारण अठ्ठाविसाच्या पुढे तू कधी गेलीच नाहीस. तुला वाटलं गेलीस, मलाही वाटलं. पण पुढे काय होतं ते आपल्याला दोघींनाही माहीत नाही."

मावशीने तो मेल पुसला की नाही ते भिंगरीला दिसलं नाही. मोबाईल उलटा ठेवून तिने ज्योत पेटवली. "घरी जा आता. मला ही दाढ उतरवायचीय."

पुढचे आठ दिवस मावशी पोटरीला बर्फ बांधून बसली आणि भिंगरीशी कामापुरतंच बोलली. मीठ दे. दिवा घालव. "कोचबाई" एकदाही नाही. दारावरचं वेळापत्रक कुणी काढलं नाही आणि त्याकडे कुणी पाहिलंही नाही. स्पर्धेच्या आदल्या दुपारी, शर्टाला नंबर टाचताना, पिन तोंडात धरून ती म्हणाली, "उद्या सायकल नको. तेहतिसाव्या किलोमीटरला उभी राहा. तिथे पावणेअकराला रस्ता बंद करतात. मी किती पुढे किंवा मागे आहे ते सांग. आणि गोड करून सांगू नकोस."

सकाळी सहाला स्पर्धा सुटली. भिंगरी नवापासूनच जागेवर. आधी हरणासारखे गेले ते, मग गप्पा मारत जाणारे, मग लंगडणारे. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. स्पर्धेच्या एका शिट्टीवाल्या माणसाने रस्त्यावर दोरी ताणली आणि फलक उलटा केला. टेबलावरचे कागदी पेले पोत्यात जायला लागले. मोकळ्या रस्त्याच्या टोकाला, खूप लांब, बसचं कपाळ दिसायला लागलं.

आणि बसच्या पुढे, एका बाजूला झुकून, मावशी.

ती पळत होती, जर त्याला पळणं म्हणायचं असेल तर. ओठ पांढरे, मिठाने भुवया कडक. उजवा पाय ती ठेवत नव्हती, टाकत होती. भिंगरीने मनगट बघितलं. दहा बावन्न. तिला मनापासून वाटलं, दोनच मिनिटं म्हणावं. दोन मिनिटांनी कुणाचा जीव जातो? दोन ऐकलं तर मावशी हसेल तरी.

मावशी दोरीपाशी थांबली. गुडघ्यांवर हात. फक्त डोळे वर केले.

"सात," भिंगरी म्हणाली. "सात मिनिटं उशीर."

मावशीने मान हलवली. बस शेजारी येऊन उभी राहिली, दार उघडलं. आत पंधरा-वीस माणसं, कुणी डोळे मिटून, कुणी खिडकीला कपाळ टेकून. शिट्टीवाला नरमाईने म्हणाला, "चला ताई, बसा. खूप पळलात."

"फुटपाथने गेलं तर चालतं?"

"फुटपाथ काय, सगळ्यांचाच आहे. पण नंबर द्यावा लागेल. यादीत नाव नाही येणार."

मावशीने चारही पिना काढल्या. एक बोटाला टोचली, तिकडे तिने पाहिलंही नाही. नंबर त्याच्या हातात दिला आणि ती फुटपाथवर चढली, दुकानांच्या पायऱ्या आणि फळांच्या खोक्यांमधून. बस निघून गेली. भिंगरी तिच्या मागे धावली, शाळेच्या बुटांत, हातात पाण्याची बाटली हिंदकळत.

"किती राहिले?" मावशीने मागे न बघता विचारलं.

भिंगरीकडे मीटर नव्हतं. पण एवढं गणित तिला तोंडपाठ होतं.

"नऊ किलोमीटर. आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर."

"ते एकशे पंच्याण्णव तुझ्याकडेच ठेव, मेली!" मावशी धापेतून ओरडली. एका भाजीवाल्याने दचकून वर पाहिलं.

"नाही ठेवणार," भिंगरी तिच्या शेजारी येत म्हणाली. "तेपण पळायचेत. आणि खांदे खाली घे."

मावशीने खांदे खाली घेतले.